‘सेव्ह आहे ना’ म्हणून साऊंड चेक कापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाण्याच्या किंवा नाटकाच्या कार्यक्रमाचं परीक्षण छापून येतं तेव्हा शेवटी शेवटी एक ओळ बऱ्याचदा असते, ‘ध्वनिव्यवस्थेने रसभंग केला’. नक्की काय बिघडलं, कशामुळे बिघडलं, यावर पुढे कोणी काही लिहीत नाही आणि वाचणाऱ्यालाही वाटतं की साऊंडवाला कच्चा असणार. मी लाईव्ह साऊंडचं काम करते, म्हणजे हॉलमध्ये मागे मिक्सरवर जो माणूस बसतो ते काम, आणि त्या एका ओळीमागे हल्ली जे कारण वारंवार सापडतं त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. कारण साधं आहे. डिजिटल मिक्सर आल्यापासून सगळ्यांना माहीत झालंय की सेटिंग सेव्ह करता येतं, आणि त्यातून एक वाक्य तयार झालंय, ‘मागच्या वेळचं सेव्ह आहे ना, मग साऊंड चेकला एवढा वेळ कशाला?’ (साऊंड चेक म्हणजे कार्यक्रमाआधी प्रत्येक माईक आणि वाद्य ऐकून आवाज लावून घेणं.) हे वाक्य आयोजक म्हणतात, व्यवस्थापक म्हणतात, कधी कधी स्वतः कलाकार म्हणतात आणि वाईट म्हणजे आमच्यातलेही काहीजण आता तसंच म्हणायला लागलेत.

आधी सेव्ह काय होतं ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला तो मिक्सर म्हणजे नुसत्या दांड्यांची रांग दिसते. त्या दांड्या म्हणजे फेडर, प्रत्येक चॅनेलचा, म्हणजे एकेका माईकचा किंवा वाद्याचा, आवाज वरखाली करणारे. पण प्रत्येक चॅनेलच्या मागे अजून बरंच काही असतं, माईकचा गेन म्हणजे त्यातून येणारा बारीक सिग्नल आत घेतानाच किती वाढवायचा ते, ईक्यू म्हणजे आवाजातला खर्ज-मध्य-तार किती ठेवायचा ते, जास्त मोठा झालेला आवाज दाबणारा कॉम्प्रेसर, बारीक नको असलेला आवाज बंद करणारा गेट, रिव्हर्बला म्हणजे घुमाऱ्याला किती पाठवायचं, स्टेजवरच्या प्रत्येक मॉनिटरला, म्हणजे कलाकारांना स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरला, किती पाठवायचं, चॅनेल चालू की म्यूट, कुठल्या ग्रुपमध्ये, नाव काय, रंग कुठला. बत्तीस चॅनेल आणि प्रत्येकाचे असे कितीतरी आकडे. हे सगळे आकडे एका झटक्यात एका नावाखाली साठवायचे, त्याला सीन म्हणतात, काही कंपन्या स्नॅपशॉट म्हणतात. आणि असे अनेक सीन मिळून बनते ती शो फाइल. बेहरिंगर एक्स३२ मध्ये १०० सीन मावतात, यामाहाच्या सीएल आणि क्यूएल मध्ये ३००, ॲलन अँड हीथच्या डीलाईव्हमध्ये ५००. सीन परत बोलावला, म्हणजे रिकॉल केला, की मोटर असलेले फेडर स्वतःहून सरसर हलून आपापल्या जागी जाऊन बसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला खरंच जादू वाटते, आणि मला आजही ते बघायला आवडतं.

ॲनालॉग मिक्सरच्या काळात ही सोय नव्हती. एका संध्याकाळी तीन वेगवेगळे कलाकार असले की प्रत्येकाच्या साऊंड चेकनंतर कागदावर छापलेल्या बटणांच्या चित्रावर पेन्सिलीने खुणा करायच्या, नाहीतर फोटो काढून ठेवायचे, आणि मग एकजण वाचून दाखवणार आणि दुसरा एकेक बटण फिरवत बसणार. स्टुडिओतल्या एसएसएल कन्सोलमध्ये टोटल रिकॉल नावाची सोय आली तीसुद्धा अशीच होती, बटणं कुठे होती ते स्क्रीनवर दिसायचं पण फिरवायची माणसानेच. यामाहाने १९८७ साली डीएमपी७ नावाचा छोटा डिजिटल मिक्सर काढला त्यात मेमरी पण होती आणि मोटरचे फेडर पण. नंतर २००५ चा एम७सीएल आणि २०१२ चा एक्स३२ या दोन मिक्सरांनी मोठ्या टूरपुरती असलेली ही गोष्ट हॉलमध्ये, प्रार्थनास्थळांत, कॉलेजांत, भाड्याने साऊंड देणाऱ्यांच्या गाडीत आणून ठेवली. तेव्हा या सोयीने आमचं आयुष्य सोपं केलंय याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. जो साऊंड चेक कोऱ्या मिक्सरवर दोन तास खाईल तो चांगली फाइल हातात असेल तर चाळीस-पन्नास मिनिटांत होतो, हे मी स्वतः कोणालाही सांगेन.

पण चाळीस मिनिटांत होतो, शून्यात नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

फाइलमध्ये मिक्सरवरचे आकडे असतात. समोर काय आहे ते तिला कळत नाही. कुठला माईक लावलाय, वायर कुठल्या खाचेत गेलीये, वायरच तुटलेली आहे का, गायकाचा घसा आज बसलाय का, गिटारवाल्याने ॲम्पचा आवाज वाढवून ठेवलाय का, ढोलाची कातडी ताणलीये की सैल, यातलं काहीही त्या फाइलमध्ये नाही. शिंप्याकडे मापं लिहून ठेवली म्हणून माणूस जाड-बारीक व्हायचा थांबत नाही. एक उदाहरण घ्या. मागच्या कार्यक्रमात मुख्य गायिकेला साधा डायनॅमिक माईक होता, समजा शुअरचा एसएम५८, जो जगात सगळीकडे दिसतो. त्याला गेन बराच चढवावा लागतो, तसा चढवून सेव्ह केला. आज तिने स्वतःचा कंडेन्सर माईक आणला, जो त्याच आवाजाला दहा ते वीस डीबी (डेसिबल) जास्त सिग्नल देतो. सीन रिकॉल केला, गेन मागचाच आला, ती पहिली तान घेते आणि चॅनेल लाल. डिजिटलमध्ये शून्य डीबीएफएस ही कमाल पातळी, तिच्या वर जागाच नसते, ॲनालॉगसारखं थोडं गोड फाटणं वगैरे काही नाही, सरळ करकर. म्हणून तर गायिका गात असताना सरासरी लेव्हल उणे अठराच्या आसपास राहील असा गेन आम्ही लावतो, वरती मोकळी जागा ठेवून. आणि ही जागा त्या दिवशीच्या माईकवर त्या दिवशीच्या गळ्यातून आवाज आल्याशिवाय ठरत नाही, त्याला दुसरा उपाय नाही.

उलटं पण होतं. कंडेन्सरला चालायला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, आणि ती चालू की बंद हे बहुतेक मिक्सरमध्ये सीनबरोबरच साठवलं जातं. जुना सीन रिकॉल केला, त्यात त्या चॅनेलची फँटम बंद होती, माईक मेला. किंवा बंद असलेली फँटम चालू झाली आणि स्पीकर चालू असताना जो धाडकन आवाज येतो तो ऐकलेला प्रेक्षक आयुष्यभर विसरत नाही.

मग हॉल. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटून परत येत राहतो, माणसं बसली की त्यांचे कपडे आणि अंगं वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात, म्हणून दुपारी टोचणारा आवाज संध्याकाळी भरलेल्या हॉलमध्ये बोथट वाटतो. वीस अंश तापमानाला आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो आणि दर अंशाला ०.६ मीटरने वेग बदलतो, मोकळ्या मैदानात दुपार ते रात्र एवढ्यात लांबच्या स्पीकरचा डिले, म्हणजे त्याला मुद्दाम दिलेला उशीर, किंचित सरकू शकतो. फीडबॅकची शिट्टी, जी सगळ्यांना माहीत असते, ती कुठल्या सुरावर येणार हे माईक, मॉनिटर आणि खोली यांच्या एकमेकांपासूनच्या अंतरावर ठरतं. मागच्या हॉलमध्ये अडीच हजार हर्ट्झला शिट्टी येत होती म्हणून मॉनिटरच्या ईक्यूमध्ये तिथे खड्डा मारून सेव्ह केला, आज मॉनिटर हातभर पुढे ठेवलाय आणि स्टेजच्या मागे पडद्याऐवजी काच आहे, तर शिट्टी सोळाशेला येते. म्हणजे जुना खड्डा उगाच आवाज पोकळ करतोय आणि नवीन शिट्टी मोकाट. फाइलवर विसंबून साऊंड चेक न करता सुरू केलेल्या कार्यक्रमात पहिली पंधरा मिनिटं जे कुई-कुई चालतं त्याचं कारण बरेचदा इतकं साधं असतं.

आता सगळ्यांच्या ओळखीचा प्रसंग. गाणं संपतं, टाळ्या, निवेदक पुढे येऊन बोलायला लागतो आणि त्याचं पहिलं अर्धं वाक्य ऐकूच येत नाही, तो माईकवर टकटक करतो, हॅलो हॅलो म्हणतो, लोक हसतात, मग आवाज येतो. लोकांना वाटतं साऊंडवाला झोपला होता. तो झोपला नव्हता, उलट त्याने वेळेवर बरोबर बटण दाबलं होतं. पुढच्या गाण्याचा सीन त्याने तयार ठेवावा म्हणून रिकॉल केला, आणि तो सीन सेव्ह झाला तेव्हा निवेदकाचा माईक म्यूट होता, त्यामुळे रिकॉलबरोबर तोही म्यूट झाला. मिक्सरने सांगितलं तेच केलं.

याच्यावर उपाय प्रत्येक बऱ्या डिजिटल मिक्सरमध्ये असतो आणि त्याचं नाव आहे रिकॉल सेफ. एखादं चॅनेल सेफ केलं की सीन कितीही बदला, त्या चॅनेलला हात लागत नाही. निवेदकाचा माईक, सूचनांचा माईक, पाहुण्यांसाठी ठेवलेला वायरलेस, मध्यंतरात संगीत वाजवायचा लॅपटॉप, हे पहिल्या मिनिटाला सेफ करायचे, मग बाकीचं. यातही बारकावा आहे, पूर्ण चॅनेल सेफ न करता फक्त गेन सेफ, फक्त ईक्यू सेफ, फक्त फेडर सेफ असंही करता येतं. यामाहात फोकस रिकॉल म्हणून एक आहे, त्यात उलट दिशेने ठरवायचं, या सीनने फक्त अमुक गोष्टी आणाव्यात, बाकी असेल तसं राहू दे. एक्स३२ मध्ये स्निपेट आहेत, म्हणजे सीनचा छोटा तुकडा, चार चॅनेलचे म्यूट बदलायचेत तर तेवढेच बदलतात. मी नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींना नेहमी सांगते की सेव्ह करणं कोणालाही दोन मिनिटांत येतं, रिकॉल करताना काय येऊ द्यायचं नाही हे ठरवणं म्हणजे खरं शिक्षण. पण शिकवणाऱ्या बऱ्याच ठिकाणी फक्त स्टोअर आणि रिकॉल ही दोन बटणं दाखवतात आणि सेफचं पान उघडतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

निवेदकाचा माईक बंद पडला तर फार तर लोक हसतात. कानातल्या मॉनिटरचं तसं नाही. हल्ली गायक आणि वादक कानात इन-इअर लावतात आणि स्वतःच्या फोनवरून किंवा टॅबवरून स्वतःचं मिक्स लावून घेतात, मला माझा आवाज एवढा, क्लिक (लय धरायला कानात वाजणारी टिकटिक) एवढा, कीबोर्ड एवढा. हे सेंड, म्हणजे कोणाला कुठला आवाज किती पाठवायचा ते आकडे, पण सीनमध्ये साठवलेले असतात. साऊंड चेकला सीन सेव्ह झाला, त्यानंतर ड्रमरने क्लिक बराच कमी करून घेतला कारण कान दुखायला लागला होता, आणि मग कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याला सीन बदलला की ते सेंड पुन्हा जुन्या आकड्यावर जातात, थेट कानाच्या पडद्यापाशी. इथे इन-इअरकडे जाणाऱ्या वाटेवर लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारी सोय, असलाच पाहिजे आणि गाणं बदलताना मॉनिटरचे सेंड सेफ असलेच पाहिजेत, यात माझ्या मते चर्चेला जागा नाही. मॉनिटरचा मिक्सर वेगळा असेल आणि दोन मिक्सर एकाच स्टेज बॉक्सवरून (स्टेजवरच्या सगळ्या माईकच्या वायरी जिथे लागतात तो डबा) सिग्नल घेत असतील तर अजून एक सापळा असतो, गेन दोघांचा सामायिक असतो, प्रेक्षकांसाठीच्या मिक्सरवाल्याने सीन रिकॉल केला आणि त्यात गेन आला की मॉनिटरवाल्याच्या सगळ्या मिक्सचा तोल जातो आणि त्याला कळतही नाही का. म्हणून गेनचा मालक कोण हे आधी ठरवायचं आणि दुसऱ्याने आपल्या बाजूला गेन सेफ ठेवायचा. काही यंत्रणांमध्ये गेन कॉम्पेन्सेशन असतं, गेन हलला की पुढे डिजिटलमध्ये तेवढाच उलटा हलतो, ते असेल तर चालू करायचं. नसेल तर तोंडाने बोलून ठरवायचं.

सीनची खरी ताकद बघायची असेल तर संगीत नाटकात बघावी. वीस कलाकार, प्रत्येकाच्या केसांत किंवा गालावर छोटा माईक, आणि नियम असा की जो बोलतोय त्याचाच माईक उघडा, कारण दोन माईक एकमेकांजवळ उघडे राहिले की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. वीस फेडर दहा बोटांनी सांभाळता येत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रवेशाला, कधी कधी प्रत्येक चार संवादांना एक सीन बनवतात, आणि ऑपरेटरच्या हाताखाली डीसीएचे, म्हणजे अनेक चॅनेल एकत्र वरखाली करणारे, सात-आठ फेडर, ज्यांच्यावर त्या सीनपुरते फक्त बोलणारे लोक. सीन बदलला की त्याच फेडरचं नाव बदलतं, आता इथे राजा आहे, पुढच्या प्रवेशात इथे प्रधान. ऑपरेटर संहिता समोर ठेवून पुढचं बटण दाबत जातो आणि बोटांनी ओळ न ओळ उचलतो. असं शंभर शंभर सीनचं नाटक चोख चालवणारी माणसं मी बघितलीत आणि त्यांच्याबद्दल मला प्रचंड आदर आहे, त्यांचं नाव जाहिरातीत नसतं तरी त्यांचं काम चुकलं तर नाटक पडतं.

आणि तिथेच ‘सेव्ह आहे ना’ सगळ्यात जास्त नडतं. समजा आज प्रधानाचं काम करणारा नट आजारी आहे आणि दुसरा नट उभा राहतोय. याचा आवाज खर्जातला, त्याचा पातळ होता. ऑपरेटरने पहिल्या सीनमध्ये याचा गेन आणि ईक्यू नीट लावला, छान, आणि दुसऱ्या सीनचं बटण दाबलं की जुन्या नटाचा ईक्यू परत आला. नव्वद सीनमध्ये नव्वद वेळा येणार. म्हणून नाटकाची फाइल बनवतानाच ठरवायचं की सीनने फक्त म्यूट, डीसीए आणि लागेल तिथे इफेक्टचे सेंड हलवायचे, ईक्यू आणि गेन सीनच्या बाहेर. किंवा बदल केला की तो सगळ्या सीनमध्ये एकदम चिकटवायचा, यामाहात त्याला ग्लोबल पेस्ट म्हणतात. डिजिकोच्या नाटकांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये तर एकाच भूमिकेसाठी वेगवेगळ्या नटांची सेटिंग नोंदवून ठेवायची सोय आहे. पण हे सगळं करायला बदली नटाला प्रयोगाआधी दहा मिनिटं स्टेजवर उभं करून दोन प्रवेश म्हणून घ्यावे लागतात. ती दहा मिनिटं मागितली की उत्तर मिळतं, नाटक तर सेव्हच आहे.

आता हॉलवाल्यांबद्दल, आणि हे जरा कळकळीने लिहिते. ज्या सभागृहांमध्ये मिक्सर कायमचा बसवलेला असतो तिथे रोज नवीन माणूस येतो. प्रत्येकजण आपल्या सोयीने पॅच (कुठली वायर कुठल्या चॅनेलवर ते) बदलतो, आऊटपुट बदलतो आणि जाताना हाताला लागेल त्या नंबरवर सेव्ह करून जातो. परवा ज्या नंबरवर चांगला सीन होता तिथे आज भलतंच काहीतरी असतं, नाव तेच, आतला मजकूर वेगळा. किंवा बाहेरून आलेला इंजिनियर आपल्या पेनड्राइव्हवरची पूर्ण शो फाइल लोड करतो, आणि त्या फाइलबरोबर त्याच्या इथल्या आऊटपुटची जोडणी, डिले, आऊटपुट ईक्यू सगळं येतं. मुख्य स्पीकरचा सिग्नल मॉनिटरला, सबवूफरचा म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा कुठे भलतीकडे, आणि जर स्पीकरचं क्रॉसओव्हर (खर्ज आणि वरची पट्टी वेगवेगळ्या ड्रायव्हरला वाटणारी सोय) वेगळ्या प्रोसेसरमध्ये नसून मिक्सरच्या आऊटपुटवरच लावलेलं असेल तर वरच्या पट्टीच्या ड्रायव्हरला खर्ज जाऊन तो जळूही शकतो. मला एका सभागृहात जायचं होतं तेव्हा मुद्दाम आधी फोन करून विचारलं होतं की मूळ सीन आहे ना, हो म्हणाले, आणि गेल्यावर कळलं की तो मूळ सीन महिन्याभरापूर्वीच कोणीतरी पुसून त्यावर स्वतःचा ठेवलाय आणि त्याची प्रत कुठेच नाही. पूर्ण दुपार आऊटपुट शोधण्यात गेली आणि वादक बिचारे वाद्यं लावून नुसते बसून राहिले.

हे थांबवायला पैसे लागत नाहीत. हॉलचा एक मूळ सीन असावा, ज्यात फक्त हॉलचे आऊटपुट, डिले, ईक्यू बरोबर आहेत आणि इनपुट कोरे. त्याला लॉक करावं, बऱ्याच मिक्सरमध्ये सीन राइट प्रोटेक्ट करता येतो आणि पाहुण्यांसाठी वेगळं युजर लॉगिन बनवून आऊटपुटला हात लावायची परवानगी काढून घेता येते. त्याची प्रत हॉलच्या कॉम्प्युटरवर आणि दोन पेनड्राइव्हवर असावी. बाहेरून आलेल्या माणसाला सांगावं, तुझी फाइल आण पण आऊटपुट सेफ ठेवून लोड कर. आणि कार्यक्रम संपला की हॉलच्या माणसाने मूळ सीन रिकॉल करून मगच मिक्सर बंद करावा. बंद करायचीही पद्धत आहे, एक्स३२ सारख्या मिक्सरमध्ये सेटअपच्या पानावर शटडाऊनचा पर्याय असतो, तो दाबल्यावर शेवटची स्थिती मेमरीत नीट लिहिली जाते आणि मग स्विच. सरळ मेन स्विच पाडला तर शेवटचे काही बदल गेले म्हणून रडण्यात अर्थ नाही.

आमच्या लोकांनाही दोन शब्द. सेव्ह केलं म्हणजे झालं असं नसतं, सेव्ह केल्यानंतर तुम्ही जे हलवलंत ते सीनमध्ये नाही. यामाहाच्या मिक्सरवर सीनच्या नंबरजवळ एडिटची खूण दिसते, याचा अर्थ समोर जे आहे ते आणि साठवलेलं ते आता वेगळं आहे, तिकडे बघायची सवय लावा. जुन्यावर ओव्हरराइट करू नका, नवीन नंबरवर साठवा, नंबरांची काय कमी आहे. नाव देताना ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल दोन’ असलं देऊ नका, तारीख, कलाकार आणि साऊंड चेक की कार्यक्रमानंतर एवढं लिहा, सहा महिन्यांनी तुम्हालाच उपयोगी पडेल. कार्यक्रम संपल्यावर एकदा वेगळं सेव्ह करा, कारण खरा मिक्स भरलेल्या हॉलमध्ये तयार होतो, आणि पुढच्या वेळी सुरुवात तिथून होते. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा, बरेच मिक्सर दुसरं काही ओळखत नाहीत. सीनची एकटी फाइल घेतलीत की पूर्ण शो, हे तपासा, कारण एकटा सीन नेला आणि बाकीचे मागेच राहिले असं फार होतं. नव्या फर्मवेअरवर (मिक्सरच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) साठवलेली फाइल जुन्या फर्मवेअरच्या मिक्सरवर उघडेलच असं नाही, तेव्हा समोरच्याचं व्हर्जन आधी विचारा. एका कंपनीची फाइल दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर सरळ चालत नाही. यामाहाचं स्वतःच्या मिक्सरांमध्ये फाइल बदलून देणारं सॉफ्टवेअर आहे, एक्स३२ आणि मायडास एम३२ एकाच घराण्यातले म्हणून एकमेकांच्या सीनशी जुळवून घेतात, पण त्यापलीकडे कागदावर लिहिलेली इनपुट लिस्टच कामाला येते. ती रोज बरोबर ठेवा. एक्स३२ ची सीन फाइल तर साधी मजकुराची फाइल असते, कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडली की ओळीओळीने चॅनेलचं नाव, ईक्यू, फेडर सगळं वाचता येतं, शिकणाऱ्याने एकदा उघडून बघावीच, मिक्सर आतून कसा विचार करतो ते त्यातून जितकं कळतं तितकं व्हिडिओ बघून कळत नाही.

आणि दुसऱ्याचे प्रीसेट आणून लावायची जी नवी सवय लागलीये, की अमुक इंजिनियरचं गायकाच्या चॅनेलचं सेटिंग मिळालं म्हणजे आपलाही आवाज तसा येणार, ती मला अजिबात पटत नाही. त्या सेटिंगमधला कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीपासून तो आवाज दाबायला लागतो ती, त्या गेनवर आणि त्या गळ्यावर लावलेला असतो. तुमचा गेन सहा डीबी कमी असेल तर तो कॉम्प्रेसर काही करणारच नाही, जास्त असेल तर गाणं दाबून टाकेल. स्वतःचा एक मूळ सीन बनवा, चॅनेलची नावं, रंग, हाय-पास (खालची घरघर कापणारा फिल्टर), रिव्हर्बची जोडणी, बस एवढं, बाकी रोज कानाने. घरी कॉम्प्युटरवर ऑफलाईन एडिटरमध्ये हे सगळं आधी बनवून नेता येतं, त्याने हॉलमधला वेळ वाचतो, आणि वाचलेला वेळ ऐकण्यात घालवता येतो. मागच्या कार्यक्रमाचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग, म्हणजे प्रत्येक माईकचं वेगवेगळं रेकॉर्डिंग, असेल तर वादक यायच्या आधी ते मिक्सरमधून वाजवून नव्या हॉलमध्ये आवाज कसा बसतो ते बघता येतं, त्याला व्हर्च्युअल साऊंड चेक म्हणतात, फार उपयोगी आहे. पण त्यातही स्टेजवर उघडे माईक नसतात त्यामुळे फीडबॅक कळत नाही आणि आजचा गेन कळत नाही, तेव्हा खऱ्या साऊंड चेकच्या जागी ते बसवू नका.

शेवटी आयोजकांकडे मागणं आहे आणि ते अगदी व्यवहारातलं आहे. वेळापत्रक करताना सजावट, सत्कार, फोटो, दिवे यांच्यासाठी जसा वेळ लिहिता तसा साऊंड चेकचा वेळ लिहा, आणि तो प्रेक्षकांसाठी दारं उघडायच्या आधी संपेल असा लिहा. फाइल सेव्ह असेल तर आम्ही कमी वेळ मागू, तेवढं तरी आमचं ऐका. निदान एवढं हवं, प्रत्येक माईक आणि प्रत्येक वाद्य एकेक करून ऐकायला वेळ, म्हणजे वायर तुटली असेल तर तेव्हाच कळेल. गायकांनी एक गाणं पूर्ण आवाजात म्हणायला हवं, पुटपुटून नाही, कारण गेन त्यावर ठरतो. आणि शेवटी पाच मिनिटं शांतता, सीन एकामागे एक रिकॉल करून बघायला, कुठे कोण म्यूट होतंय, कोणाचा मॉनिटर उडी मारतोय. त्या पाच मिनिटांत स्टेजवर खुर्च्या ओढू नका आणि पाहुण्यांची ओळख करून द्यायचा सराव दुसरीकडे करा. कार्यक्रमात बदल झाला, गाण्यांचा क्रम बदलला, कोणी ऐनवेळी वाढलं, तर पहिल्यांदा मिक्सरवरच्या माणसाला येऊन सांगा, कारण त्याच्या सीनचा क्रम तुमच्या कागदावरच्या क्रमाप्रमाणे लावलेला असतो आणि पाचव्या गाण्याच्या जागी सातवं सुरू झालं तर चुकीच्या माणसाचा माईक उघडणार. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनाही विनंती, रसभंग झाला हे जरूर लिहा, आमचं चुकलं असेल तर आम्हालाही बोला, पण त्याबरोबर मध्यंतरात मागे येऊन साऊंड चेकला किती वेळ मिळाला होता हे एकदा विचारा आणि तेही छापा.

आपली,
लाईव्ह साऊंडचं काम करणारी एक वाचक